खान्देशचा उन्हाळा आणि मनाची तब्येत: मार्चपासून मृगापर्यंत काय करायचं

उन्हाळा येतोय म्हटलं की आपल्याकडे सगळ्याची तयारी आधीपासून सुरू होते. कूलरचं गवत बदलतं, नवा माठ येतो, केळीच्या बागेला हिरव्या नेटचा आडोसा होतो, गहू वाळून कोठीत जातो. घरातला माणूस मात्र पंधरा-पंधरा दिवस धड बोलत नाही, रात्रभर कुशी बदलतो, अर्ध्या ताटावरून उठतो, आणि तेव्हा "उन्हानं डोकं तापलंय, पाऊस पडला की होईल ठीक" एवढ्यावर विषय मिटतो.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच फसगत होते. उष्णतेनं चिडचिड वाढते, झोप मोडते, लक्ष लागत नाही, आणि पाऊस पडल्यावर बहुतेकांना खरोखर बरं वाटतं. पण काहींना नाही वाटत. त्यांचा आजार उन्हाच्या आडोशाला लपून बसतो आणि लक्षात येईपर्यंत श्रावण उजाडतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी शरीराला उन्हातून सोडवायचं, आणि त्यानंतरही मन जागेवर आलं नाही तर ते आजारपण समजून इलाज करायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

पायरी १: रात्र वाचवा

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोलगट खोरं, काळी जमीन आणि समुद्र लांब. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो त्याला ही सगळी कारणं आहेत. दिवसाच्या या उन्हापुढे आपलं काही चालत नाही. रात्रीचं मात्र बरंच काही आपल्या हातात असतं, आणि माझं मत असं की उन्हाळ्यात मन बिघडतं ते मुख्यतः रात्री.

कारण सरळ आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशानं उतरावं लागतं. संध्याकाळनंतर हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर पडते आणि डोळे जड होतात. खोलीच ३५ अंशांवर असेल तर ती उष्णता जाणार कुठे? मग झोप उशिरा लागते, गाढ झोप कमी होते, पहाटे चारला डोळा उघडतो. अशा दोन-तीन रात्री गेल्या की शहाण्या माणसाचाही तोल सुटतो. ज्याला आधीपासून चिंता, नैराश्य किंवा बायपोलर आजार (मन कधी अति चढतं, कधी अति खचतं) आहे, त्याचा आजार अशा वेळी उसळू शकतो. बायपोलरमध्ये झोप कमी होणं ही मॅनियाची, म्हणजे मन अति चढण्याची, सुरुवातीची खूण असते आणि मॅनिया ओढवण्याचं कारणही असतं.

जुन्या धाब्याच्या घरांत छतावर मातीचा जाड थर असे, ऊन खाली उतरायला वेळ लागे. आता सगळीकडे स्लॅब आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. तेव्हा सुरुवात छतापासूनच करायची. मार्चअखेरीला स्लॅबला चुन्याचे दोन हात द्या; चुन्यात फेविकॉल मिसळला तर तो टिकतो. पाणी मुबलक असेल तर सूर्य मावळल्यावर स्लॅबवर शिंपडा. (ज्या गावात आठ दिवसांनी नळ येतो तिथे हा सल्ला म्हणजे चेष्टाच. तिथे चुना आणि गच्चीवरची बाज हेच उपाय.) खिडक्या सकाळी आठ-नऊला बंद करून पडदे ओढायचे आणि बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की सगळं सताड उघडायचं. आपल्याकडे अनेक घरांत नेमकं उलटं चालतं: दुपारी "वारा येऊ दे" म्हणून खिडकी उघडी, रात्री डासांमुळे बंद. खिडकीला जाळी बसवण्याचा खर्च कूलरपेक्षा कमी येतो.

कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण दारं-खिडक्या लावून घेतल्या तर खोलीत दमट कोंदटपणा साचतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा वाहती राहू द्या. नुसत्या पंख्याच्या भरवशावर मात्र भर दुपारी राहू नका. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा झळाच अंगावर फेकतो. तेव्हा अंगावर ओला पंचा किंवा जुन्या सुती साडीचा ओला तुकडा हवा.

संध्याकाळी अंघोळ करायची तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं. सकाळी सहालाच दोन बादल्या भरून मोरीत सावलीला ठेवा. झोपेच्या तासभर आधी त्या पाण्यानं अंघोळ केली की शरीराचं तापमान उतरायला मदत होते. बर्फाचं पाणी नको. त्यानं कातडी आकसते आणि आतली उष्णता आतच राहते.

गच्चीवर झोपत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. मच्छरदाणी बांधा, आणि साडेनऊ-दहाला आडवे व्हा, कारण सहाच्या आत ऊन तोंडावर येऊन उठवणारच. गच्चीवर मोबाईल नेला की बारा कधी वाजतात कळत नाही. तो खाली चार्जिंगला राहू द्या.

दुपारची झोप हा आपल्याकडचा हक्कच आहे आणि तो सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त वीस-तीस मिनिटं, आणि तीनच्या आत. बारा ते पाच घोरलं तर रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. झोप कितीही मोडली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा.

आता खरी अडचण: रावेर-यावल-चोपड्याकडचा केळीवाला. मे महिन्यात केळीला पाण्याचा खाडा चालत नाही, आणि शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत माणूस दोनदा-तीनदा उठून मोटारीकडे जातो, वर विंचू-सापाची भीती. त्याला "रात्री आठ तास झोपा" सांगून काय उपयोग? त्यानं झोप दोन हप्त्यांत घ्यावी: रात्री नऊ ते लाईट येईपर्यंत एक, आणि सकाळी शेतातून आल्यावर अंधाऱ्या, थंड खोलीत दुसरी, दोन-तीन तासांची. त्या आठवड्यात घरच्यांनी त्याला सकाळी हाक मारायची नाही, हा नियम घरात ठरवूनच घ्या. मोबाईलवरून चालणारा स्टार्टर परवडत असेल तर तो चैनीत धरू नका, तब्येतीच्या खर्चात धरा. भाऊबंदात किंवा बांधाशेजाऱ्याशी रात्री वाटून घेता आल्या तर आणखी चांगलं.

हवामान खात्याचा अंदाज बघताना आपण फक्त कमाल आकडा बघतो. किमानही बघा. रात्रीचा पारा सलग काही दिवस तीसच्या आसपास राहणार असेल तर घरातल्या नाजूक माणसाची झोपायची जागा आधीच बदला.

पायरी २: पाणी, चहा, पोट

शरीरात पाणी थोडं जरी कमी पडलं तरी डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, माणूस तिरसट होतो. तहानेची वाट न बघता पीत राहा. लघवी फिकट पिवळी असेल तर बरं चाललंय, गडद असेल तर कमी पडतंय. घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी चालतं. ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापानं, बहुतेक एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

चहा. दर पाहुण्यामागे अर्धा कप धरला तर लगीनसराईत दिवसाला आठ-दहा कप कुठेच जात नाहीत. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात आणि त्यानं छातीतली धडधडही वाढते. चारनंतर पाहुण्याला चहा द्या, स्वतः ताक घ्या.

बायकांचं एक वेगळं सांगायला हवं. शेतात, लग्नात, एसटीत संडास-मोरीची सोय नसते म्हणून कित्येकजणी मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग दुपारी डोकं ठणकतं, चक्कर येते, आणि "हिचं नेहमीचंच" म्हणून सोडून दिलं जातं. लग्नघरात बायकांसाठी मोरीची सोय करणं हे मांडवाच्या डेकोरेशनइतकंच महत्त्वाचं आहे.

पायरी ३: हे शरीराचं की मनाचं?

उन्हाचा त्रास आणि घबराटीचा झटका दोन्ही एकसारखे दिसतात: छातीत धडधड, हातपाय गार, घाम, चक्कर, "जीव घाबरस" असं ऐकू येतं. ओळखायचं असं. माणसाला सावलीत, थंड जागी आडवं करा, कपडे सैल करा, घोट-घोट पाणी द्या, मान-काखा ओल्या कपड्यानं पुसा. उन्हाचा साधा त्रास असेल तर अर्ध्या तासात फरक पडायला लागतो. घबराटीचा झटका दहाएक मिनिटांत शिगेला जाऊन हळूहळू ओसरतो आणि बहुतेकदा पुन्हा येतो, अगदी थंड खोलीत, रात्री, काही कारण नसताना. असे झटके परत परत येत असतील तर मानसोपचार डॉक्टर. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, वय चाळिशीपुढचं असेल किंवा शुगर-बीपी असेल, तर घरात अंदाज बांधत बसू नका. आधी ईसीजी.

तिसरी शक्यता सर्वांत धोक्याची. शेतातून किंवा साइटवरून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, नावं विसरतोय, भांडतोय, तोल जातोय, अंग चटका बसेल इतकं तापलंय. हा उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो आणि माणूस वेड्यासारखा वागू लागतो. कधी दारू प्यायलाय समजून लोक सोडून देतात, कधी बाहेरचं झालंय म्हणून भगताकडे नेतात. भगताकडे जायचं तर बरं झाल्यावर जा. आधी १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पायरी ४: मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर

उन्हाळ्यातला हा भाग कुणी सांगत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. त्यामुळे थोडं तपशिलात.

लिथियम (बायपोलर आजारावरची गोळी) घेणाऱ्यांनी सर्वांत जपायचं. घाम, जुलाब, उलटी किंवा कमी पाणी यांमुळे शरीर कोरडं पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषारी पातळीला जाऊ शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोकांड्या, बोलणं जड होणं, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मीठ अचानक बंद करणंही धोक्याचं, कारण त्यानंही पातळी चढते. आणखी एक: उन्हानं डोकं दुखलं की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घ्यायची सवय. लिथियमबरोबर या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल चालते. एप्रिलमध्ये एकदा लिथियमची रक्ततपासणी करून घ्या.

ओलान्झापिन, क्लोझापिन, हॅलोपेरिडॉल अशी सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या आजाराची) औषधं शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावतात. थरथर कमी करायला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल आणि जुन्या पद्धतीची अमिट्रिप्टिलिन घाम कमी करतात. अशा माणसाला तापलेलं कळतही नाही आणि घामही येत नाही. त्याला दुपारी बारा ते चार शेतात, बाजारात किंवा वरातीत पाठवायचं नाही. "कामात राहिला की बरा राहतो" हे खरं, पण काम सकाळी दहाच्या आत द्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी काहींना उलट घाम जास्त येतो. त्यांनी पाणी वाढवावं. वयस्कर माणूस या गोळ्यांवर असताना एकदम गोंधळल्यासारखा वागला तर सोडियम तपासून घ्या.

यातलं वाचून कुणी गोळी बंद करू नका. अचानक गोळी बंद करण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझ्या औषधानं उन्हात काय सांभाळू?" आणि गोळ्या कुठे ठेवता तेही बघा. टीव्हीवर, पत्र्याच्या कपाटात, मोटरसायकलच्या डिकीत नकोत. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी तेवढं फक्त माठाच्या शेजारीच सापडतं. डबा कोरडा राहील अशा बेतानं तिथे ठेवा.

पायरी ५: दुपार आखून ठेवा

बारा ते पाच गावं ओस पडतात. वट्टे रिकामे, पारावर कुणी नाही, रस्त्यावर कुत्रंही नाही. मन उदास असलेल्या माणसाला हे पाच तास रात्रीइतकेच जड जातात, कारण विचारांना अडवायला समोर कुणी नसतं. बाहेर जाणं तर शक्य नाही, म्हणून आतलं काम ठरवून ठेवायचं. हातांना काम असावं आणि ते संपणारं असावं: लसूण सोलणं, चिंचा फोडणं, जुनी कागदपत्रं लावणं, गोधडीचे टाके. टीव्ही-मोबाईलनं वेळ जातो, पण संध्याकाळी माणूस आणखी सुस्त उठतो.

शक्यतो दोन माणसं एका खोलीत बसा. एकाच कूलरचं बिल, शिवाय सोबत.

आणि एक घरगुती कायदा: दुपारी हिशेब, वाटणी, लग्नाचा खर्च आणि निकाल हे चार विषय काढायचे नाहीत. तापलेल्या डोक्यानं झालेली भांडणं वर्षभर पुरतात. बोलायचं तर सकाळी सातला चहाबरोबर, किंवा रात्री जेवून गच्चीवर हवा सुटल्यावर. समोरचा प्यालेला असेल तर तेव्हाही नाही.

चालणं, पोहणं, व्यायाम जे असेल ते सूर्योदयाच्या आसपास करा. सकाळचा कोवळा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्याला तर याची जास्तच गरज असते.

पायरी ६: पैशाचा महिना

खान्देशात मन बिघडवणाऱ्या गोष्टींत उन्हाच्या बरोबरीनं उभा असतो तो पैसा. ३१ मार्चला पीककर्जाचा भरणा, एप्रिल-मेमध्ये घरातलं किंवा भाऊबंदातलं लग्न, मेअखेर बियाणं-खत, जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी, सगळं चार महिन्यांत कोंबलेलं. तमा कार्लटन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ साली भारतातल्या तापमानाचा आणि आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पिकाच्या हंगामातल्या वाढीव उष्णतेचा आत्महत्यांशी संबंध दिसला, पण शेत रिकामं असतानाच्या उष्णतेचा तसा दिसला नाही. ऊन माणसापर्यंत पिकाच्या वाटेनं पोचतं, असा मी त्याचा अर्थ घेतो. आणि केळीवाल्याचं शेत मे महिन्यात रिकामं नसतं.

म्हणून मन सांभाळायचं तर कागद-पेन घेऊन बसावंच लागतं. एका पानावर तीन रकाने करा: कुणाचं देणं, किती, कधीपर्यंत. सोसायटी, बँक, सावकार, कृषी केंद्राची उधारी, सोन्यावरचं कर्ज, पाहुण्याकडून घेतलेले, सगळं एका पानावर येऊ द्या. डोक्यात फिरणारा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा आणि भीतीदायक असतो. तो कागद घरातल्या निदान एका माणसाला दाखवा. लपवलेलं कर्ज माणसाला जास्त पोखरतं.

मे-जूनमध्ये वादळी वारा येतो आणि उभी केळी तासाभरात आडवी होते. अशा वेळी पहिल्या तीन दिवसांची कामं ठरलेली असावीत. फळपीक विमा असेल आणि वादळाचं संरक्षण घेतलेलं असेल तर ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचं, फोटो काढायचे, तलाठी-कृषी सहायकाला सांगायचं. ही धावपळ शेतमालकानं एकट्यानं करायची नाही. त्याच्याबरोबर भाऊ, पुतण्या, मित्र कुणीतरी असावं. बागेत एकट्यानं बसून राहू देऊ नका. आणि घरात किंवा शेतातल्या खोलीत फवारणीची औषधं असतील तर ती कुलपात जाऊ द्या, किल्ली दुसऱ्याकडे. हे नुकसान झाल्यावर करायचं काम नाही, औषध आणलं त्याच दिवशी करायचं. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

आखाजीबद्दल, म्हणजे अक्षय्य तृतीयेबद्दल, दोन शब्द. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी होते. उन्हाळ्यात मनाला एवढा आधार दुसरा कुठलाच सण देत नाही. पण त्याच दिवसांत पत्त्यांचे डाव बसतात, आणि एक-दोन दिवसांची गंमत म्हणता म्हणता बियाण्याचे पैसे जातात. बियाण्याचे पैसे आखाजीआधीच बायकोच्या नाहीतर आईच्या हातात द्या. थंड बिअरनं उन्हाळा सुसह्य होतो हाही भ्रमच आहे. लघवी वाढते, शरीर कोरडं पडतं, झोप तुटते. आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय तिथे आखाजीला घागर भरताना आठवण उसळते. त्या घरी सकाळी कुणीतरी जाऊन बसावं, काही बोललं नाही तरी चालेल.

पायरी ७: घरात कुणाकडे बघायचं

म्हातारी माणसं आधी. वयानं तहान कळेनाशी होते. मुलं सुरतला, पुण्याला, आणि घरात दोघंच किंवा एकटंच. रोज दुपारी तीनला फोन, ठरलेल्या वेळी. "कसे आहात" असं विचारलं तर "बरा शे" एवढंच उत्तर येतं, म्हणून "दुपारी काय जेवलात, ताक केलं होतं का, कूलर चालू आहे का" असं विचारा. कालपर्यंत ठीक असलेली आजी आज मुलाचं नाव चुकवू लागली तर ते म्हातारपण समजू नका. पाणी कमी पडणं, ताप, लघवीचा संसर्ग, काहीही असू शकतं.

घरच्या बाईचं काम उन्हाळ्यात दुप्पट होतं. पाहुणे, पापड-कुरडया-बिबड्या, वर्षाचं धान्य, पाण्याच्या वेळा, आणि हे सगळं पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात, गॅससमोर. पन्नाशीच्या आसपास पाळी जाताना येणाऱ्या गरम झळा त्यात मिसळल्या की तिची झोप पुरती जाते आणि घरच्यांना दिसतो फक्त तिचा चिडका स्वर. बिबड्यांचा घाट पहाटे चारला, गल्लीतल्या चौघीजणींच्या सोबतीनं घातला की आठच्या आत वाळवणं पडतात. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून दोनदा तरी न तापवता होणारा ठेवा. पाहुण्यांना दही-पोहे चालतात, कुणी रुसून जात नाही.

मुलांचं थोडक्यात. सुट्टीत उठायची वेळ फार बिघडू देऊ नका. दहावी-बारावीचा निकाल ज्या दिवशी असेल त्या दिवशी घरात कुणीतरी मोठं माणूस सुट्टी काढून थांबलेलं असू द्या, आणि आकडा काहीही आला तरी रात्री काय जेवायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. नातेवाइकांचे फोन आई-बापांनी उचलायचे, मुलानं नाही.

पायरी ८: दोन आठवड्यांची मोजणी, आणि विचारायचं कसं

आता वरचं सगळं केलं. झोपायची जागा बदलली, पाणी वाढवलं, दुपार सावलीत गेली. तरीही सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, मन खिन्न राहतंय किंवा आधी ज्यात जीव रमायचा त्यातलं काहीच नकोसं झालंय का? यातलं एक जरी होय असेल तर ते उन्हाच्या खात्यावर टाकायचं नाही. काहींना तर नैराश्य दर वर्षी उन्हाळ्यातच येतं. त्यात हिवाळ्यातल्यासारखी जास्त झोप आणि जास्त भूक नसते; झोप उडते, भूक मरते, बेचैनी वाढते. गेल्या दोन उन्हाळ्यांतही असंच झालं होतं का, हे घरच्यांना विचारून बघा.

विचारताना सरळ "तुला डिप्रेशन आहे का" म्हटलं की दार बंद होतं. संध्याकाळी शेजारी बसा, दिसलेली गोष्ट सांगा.

"आप्पा, लग्नात दिसला नाहीत. वट्ट्यावरही आठ दिवस नाहीत."

"काही नही रे. ऊन भलतं शे."

"ऊन तर आहेच. रात्री झोप लागते का?"

इथे बहुतेक माणूस थांबतो. झोपेबद्दल बोलण्यात कमीपणा वाटत नाही, म्हणून बोलणं तिथूनच उघडतं. लगेच उपदेश करू नका. "लोकांची काय काय दुःखं आहेत" हे तर नकोच. ऐकून झालं आणि काळजी वाटली तर स्पष्ट विचारा: "जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीपासून येत असेल तर सांगायला वाट मिळते. उत्तर होय आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि पुढची पायरी त्याच दिवशी करा.

पायरी ९: मदत कुठे

टेली मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मानसोपचार डॉक्टरांशी जोडून देतात. स्वतःसाठीच फोन करावा लागतो असं नाही. "माझ्या भावाचं असं असं झालंय, मी काय करू" असंही विचारता येतं. जीव धोक्यात असेल तर मात्र ११२ किंवा १०८.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. सकाळी लवकर निघा. उशिरा गेलात तर रांगेतच ऊन डोक्यावर येतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून थेट नंदुरबार गाठणं जड असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईला आधी सांगा. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: झोप कधीपासून मोडली, जेवण किती, आधीच्या गोळ्या कोणत्या, घरात कुणाला असा आजार होता का. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत हे आठवत नाही. आणि "पागलांच्या डॉक्टरकडे गेले" असं गाव म्हणेल ही धास्ती असेल, तर झोपेच्या डॉक्टरांकडे जातोय म्हणून सांगा. ते खोटंही नाही.

मृग लागल्यावर

पहिल्या पावसाआधीचे आठ-दहा दिवस सर्वांत वाईट. हवेत ओल येते, पारा थोडा उतरतो पण कूलर काम करेनासा होतो, घाम सुकत नाही, झोप पुन्हा मोडते. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसती हवा चालू ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा. त्याच दिवसांत पेरणीची घाई सुरू होते आणि तब्येतीचा विषय मागे पडतो, म्हणून डॉक्टरांची पुढची तारीख पेरणीआधीचीच घेऊन ठेवा. पाऊस पडून, हवा थंड होऊन दोन आठवडे झाले तरी मन तसंच जड असेल तर आणखी वाट बघू नका. आणि थंड हवेत एकदम बरं वाटू लागलं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका. कमी करायची का, कधी करायची, हे त्याच तारखेला डॉक्टरांना विचारा.